वाचलेला वेळ कोणाचा?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या सुटे भाग पुरवणाऱ्या एखाद्या कारखान्याचा क्वालिटी विभाग डोळ्यांसमोर आणा. महिनाअखेर आहे. ग्राहक कंपनीकडून सहा तक्रारी आल्या आहेत आणि प्रत्येकीला ‘एट-डी’ रिपोर्ट भरून उत्तर द्यायचे आहे. टीम, समस्येचे वर्णन, तात्पुरता बंदोबस्त, मूळ कारण, कायमचा उपाय, त्याची अंमलबजावणी, पुन्हा होऊ नये म्हणून केलेले बदल आणि शेवटी टीमचे अभिनंदन, असे आठ रकाने. एक रिपोर्ट नीट लिहायला तीन तास जातात असे धरू. एआयचा आधार घेणारा डिप्लोमावाला पोरगा तोच सव्वा तासात उरकतो. सहा रिपोर्टांत त्याचे साडेदहा तास वाचले, म्हणजे सव्वा शिफ्टहून जास्त. पण तो हे कुणाला सांगत नाही. फाइल पूर्वीसारखी संध्याकाळी पाचनंतरच पाठवतो. साहेबाला कळले तर त्या साडेदहा तासांत शेजारच्या लाइनचे रिपोर्ट येऊन बसतील आणि वर्षअखेरीला शेजारच्या लाइनचा माणूस कमी होईल, हे तो ओळखून असतो. पगार तेवढाच.

‘आमचे लोक नवीन काही घ्यायला तयार नसतात’ अशी मालकवर्गाची तक्रार असते. इंग्रजी येत नाही, भीती वाटते, शिकायची हौस नाही असे निदान होते आणि दोन दिवसांचे प्रशिक्षण ठेवले जाते. चहा-पोहे होतात, प्रमाणपत्रांचे फोटो ग्रुपवर पडतात, सोमवारी सगळे जैसे थे. माझ्या मते हे निदानच चुकले आहे. मराठवाड्यातल्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत एआय केव्हाच शिरले आहे, फक्त ते टेबलाखाली धरलेल्या फोनमध्ये आहे. ते टेबलावर येत नाही, कारण वाचलेला वेळ कोणाचा याचे उत्तर वरच्या माणसाने अजून दिलेले नाही. जोवर ते मिळत नाही तोवर कितीही सबस्क्रिप्शने विकत घ्या, सुधारणा कामगाराच्या खिशातच राहणार.

ही धास्ती पोकळ नाही, हे लातूरला वेगळे सांगायला नको. तिथल्या डाळ मिलमधला सॉर्टेक्स म्हणजे एआयचा थोरला भाऊच. डाळीची धार कॅमेऱ्यासमोरून खाली येते, वेगळ्या रंगाचा दाणा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. हे यंत्र येण्याआधी निवडायचे काम बायकांच्या हातांनी होत असे. यंत्र आले आणि त्या हातांची गरज सरली. त्यांतल्या एखादीला यंत्रावर बसवावे, डाळीतला खडा आणि डागी दाणा तिच्याइतका कुणाला कळतो, असा विचार फारसा कुणी केला नाही. ज्याची आई किंवा मावशी त्या निवडण्यात होती, त्याला ‘एआय तुझे काम हलके करील’ असे सांगितले तर तो मान हलवील आणि मनात दुसरेच समजेल.

त्याच सॉर्टेक्सची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. सेन्सिटिव्हिटी वाढवली तर चांगली डाळही रिजेक्टमध्ये जाते, कमी केली तर काळा दाणा आणि सालीचा तुकडा मालात राहतो. काचेवर भुकटी बसली की यंत्राला सगळेच दाणे मळके दिसतात. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आले की झोत सोडणारा इजेक्टर अडकतो, झोत उशिरा बसतो आणि डागी दाण्याऐवजी त्याच्यामागचा चांगला दाणा उडतो. तुरीचा लॉट बदलला, ओलावा बदलला की सेटिंग बदलावे लागते. रिजेक्ट पुन्हा फिरवायचे का आणि किती वेळा, हे ऑपरेटर मूठभर डाळ हातात घेऊन ठरवतो. दोन मिलमध्ये एकाच कंपनीचे यंत्र असते, तरी उतारा वेगळा पडतो. यंत्राचे पैसे मालकाने मोजले, पण उताऱ्यातला फरक त्या मुठीने काढला. भाषेवर चालणाऱ्या एआयचेही असेच आहे. मॉडेल सगळ्यांना सारखेच मिळते, कोणत्या कामाला लावायचे आणि कुठे थांबवायचे हे मात्र ते काम रोज करणाऱ्यालाच कळते. म्हणून त्याला गप्प बसवणारी व्यवस्था मालकाच्याच तोट्याची आहे.

आता थोडे कामाचे बोलू. कुठला वेळ वाचवायचा आणि कुठला वाचवायचा नाही, यात पहिली चूक होते.

एट-डीमधला चौथा रकाना घ्या, मूळ कारणाचा. ‘बोअरचा (भोकाचा) व्यास ०.०४ मिमीने मोठा, १२ नग’ एवढे सांगून एआयला कारण विचारले, तर ते टूलची झीज, ऑपरेटरचे अपुरे प्रशिक्षण, तपासणीची कमी वारंवारता असे काहीतरी सफाईदार लिहून देते. त्यातले काही खोटे म्हणता येत नाही आणि काही उपयोगाचेही नसते. त्याने तो जॉब, म्हणजे मशीनवर चढवलेला भाग, पाहिलेला नाही, मशीनही पाहिलेले नाही. खरे कारण असे असू शकते की जेवणाच्या सुट्टीत मशीन थंड झाले आणि सुरू केल्यावर पहिल्या पाच जॉबचे माप सरकले. किंवा इन्सर्ट (टूलचे कापणारे पाते) बदलल्यावर ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, दिली ती उलट्या दिशेने. किंवा जॉब पकडणाऱ्या चकच्या जबड्यात धातूची चिप अडकली होती. हे मशीनजवळ गेल्याशिवाय आणि त्या शिफ्टच्या माणसाशी बोलल्याशिवाय कळत नाही. तो रकाना माणसाला खुर्चीतून उठवून मशीनपर्यंत नेण्यासाठीच केलेला आहे. एआयने तो खुर्चीत बसून भरता येऊ लागला, तर रिपोर्ट वेळेत जातील आणि तक्रारही पुढच्या महिन्यात वेळेत परत येईल. ग्राहकाकडचा माणूस मूर्ख नसतो. चार व्हेंडरांकडून एकाच छापाची भाषा आली की त्याला कळते.

म्हणून क्रम उलटा ठेवावा. मूळ कारण आधी मशीनजवळ उभे राहून चार-सहा ओळींत मराठीत लिहायचे, मोजमापांसह. कोणत्या शिफ्टला, कितव्या नगापासून, कोणत्या गेजने, शेवटचे चांगले माप किती. मग एआयकडून त्याचा इंग्रजी मसुदा करून घ्यायचा. आणि त्याआधी त्यालाच उलट विचारायचे : ‘या माहितीवरून हे कारण सिद्ध होते का? नसेल तर अजून कोणती तीन मोजमापे हवीत?’ या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा कामाचे निघते. लिहिण्यात जाणारे दोन तास वाचवा, पाहण्यातला अर्धा तास राहू द्या.

सरकारी कामातही हेच. सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीनंतर मराठवाड्यात गावोगाव पंचनामे झाले. मदतीसाठी पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावे लागते. याद्यांची जुळणी, दुबार नावे, गट नंबरांतल्या चुका, खाते क्रमांकातला एखादा सुटलेला आकडा ही कामे यंत्राकडे द्यावीत, खुशाल द्यावीत. त्यासाठी तलाठ्याने रात्री बारापर्यंत बसणे हा काही पुरुषार्थ नव्हे. पण सोयाबीनच्या शेंगा कुजल्या की नुसत्या काळवंडल्या, माती खरडून गेली की वर गाळ बसला, हे बांधावर जाऊनच लिहावे लागते. ३२ आणि ३४ यांच्यातला फरक एका घराच्या दिवाळीचा असतो.

दुसरी चूक भाषेची. इथे प्रशिक्षण देणारे बहुतेक पुण्या-मुंबईच्या स्लाइड घेऊन येतात आणि अडचण नेमकी स्लाइडमध्ये नसलेल्या जागी येते. कार्यपद्धतीचा इंग्रजी कागद मराठीत करायला सांगितला की ‘टॉलरन्स’ची (मापात चालणाऱ्या फरकाची) सहनशीलता होते, ‘जॉब’ची नोकरी होते आणि ‘प्ले’चा (भागांमधल्या ढिलेपणाचा) खेळ. असा कागद मशीनवर चिकटवला की आठवडाभर हसण्याचा विषय होतो आणि मग कुणी तो वाचत नाही. महसुलात ‘फेरफार’ म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद. इंग्रजीत गेला की तो लबाडी होऊन परततो. ‘पैसेवारी’चे, म्हणजे पीक किती आले याच्या सरकारी अंदाजाचे, मालाच्या भावात रूपांतर होऊ शकते. सात-बारावर क्षेत्र ०.८० लिहिलेले असते म्हणजे ८० आर, जवळजवळ दोन एकर. मॉडेलने ते एका आरचे ऐंशी शतांश असे वाचले तर शेतकऱ्याची जमीन अंगणाएवढी होते. हेक्टरचे २.४७ एकर आणि एकराचे ४० गुंठे हे त्याला पाठ असते, पण समोरचा आकडा कशात आहे हे त्याला सांगावे लागते.

बोलून नोंद करायची म्हटले तर वेगळी गंमत. परभणीकडचा ऑपरेटर ‘मशीन आवाज करायली’ असे सांगतो, म्हणजे आत्ता, चालू असताना. प्रमाण मराठीवर तयार झालेली प्रणाली ते ‘करायला’ असे ऐकून वाक्य भलतीकडे नेऊ शकते. संभाजीनगरच्या लाइनवर निम्मे बोलणे दखनी हिंदीत चालते, त्यात मशीनच्या भागांची नावे इंग्रजी. शिवाय शेडमध्ये कॉम्प्रेसर आणि प्रेस यांचा आवाज. म्हणून शिफ्ट बदलताना तोंडी नोंद घ्यायची असेल तर ती सुपरवायझरच्या केबिनमध्ये घ्यावी, एका टॅबवर, आणि ज्याने सांगितले त्यानेच लगेच वाचून बघावी. पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलचे नेट धड नसते आणि कित्येक कारखान्यांत लाइनवर फोन आणायला मनाई असते, हेही नियोजन करताना आधीच धरावे.

हस्तलिखित लॉगबुकचा फोटो काढून तक्ता करायला देणाऱ्यांना एक इशारा. आपल्या नोंदींत देवनागरी आणि इंग्रजी आकडे एकाच ओळीत मिसळलेले असतात. देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो, देवनागरी १ घाईत इंग्रजी नऊसारखा होतो. ५ आणि ६ तर आपल्यालाच कळत नाहीत. दशांशाचा ठिपका पुसट असला की ०.०२ चे २ होतात. जुन्या वह्या संगणकावर आणायच्या असतील तर आधी दहा पाने हाताने भरून एआयच्या तक्त्याशी आकडा-आकडा ताडून पाहा. आणि पुढच्या नोंदींसाठी सगळ्यांनी एकाच लिपीत आकडे लिहावेत असा साधा नियम करा. हा नियम कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त काम करतो, पण तो फुकटचा असल्यामुळे त्याचे उद्घाटन होत नाही.

या सगळ्यावर चांगला उतारा म्हणजे आपली शब्दयादी. साठ-सत्तर शब्द पुरतात : इथे ‘जॉब’ म्हणजे मशीनवर चढवलेला भाग, ‘बर’ म्हणजे कडेला राहिलेली धार, ‘सेटिंग पीस’ म्हणजे सेटिंगनंतर मोजायचा पहिला नग. ही यादी प्रत्येक वेळी विचारण्याआधी मजकुरात चिकटवायची. ती करायला वीस वर्षे लाइनवर काढलेला माणूस लागतो, इंजिनीअर नव्हे. एआयच्या कामात त्या माणसाला जागा मिळते ती इथे, आणि ती जागा मानाची असावी.

सुरुवात कशी करावी? साठ-सत्तर माणसांच्या कारखान्यापुरते सांगतो. पहिले दोन आठवडे काहीही विकत घेऊ नका. क्वालिटी, स्टोअर, पर्चेस, मेंटेनन्स आणि डिस्पॅच या पाच टेबलांवर एक एक वही ठेवा. आठवड्यात पुन्हा पुन्हा येणारे लिहिण्याचे आणि आकडेमोडीचे काम कोणते, एका वेळी किती मिनिटे जातात, महिन्यातून किती वेळा. त्यातून एकच काम निवडा. दोन निवडली की कुठल्याचेच धड मोजमाप होत नाही. त्या कामाच्या वीस जुन्या केस काढा, ज्यांची बरोबर उत्तरे आपल्याकडे आहेत. वीसही एआयकडून करून घ्या आणि चार रकान्यांत खुणा करा : जसेच्या तसे चालले, दुरुस्त करून चालले, चुकले आणि लगेच दिसले, चुकले पण वाचताना लक्षातही आले नाही. चौथा रकाना फक्त जुन्या उत्तराशी ताडून पाहिल्यावरच भरता येतो, आणि सगळा निकाल त्याच्यावर आहे. ज्या कामातली चूक थेट ग्राहकापर्यंत किंवा कुणाच्या पगारापर्यंत जाते, त्यात चौथ्या रकान्यात वीसपैकी एक खूण पडली तरी ते काम सध्या एआयला देऊ नका. मिनिटे मोजताना तपासण्याची मिनिटेही धरा. लिहायला पाच मिनिटे आणि तपासायला चाळीस, असा सौदा बराच वेळ फायद्याचा वाटत राहतो.

शिफ्टच्या नोंदींचा गोषवारा, ग्राहकाच्या इंग्रजी मेलचे उत्तर, ऐंशी पानी टेंडरमधून लागणाऱ्या कागदपत्रांची यादी, एक्सेलची सूत्रे, कार्यपद्धतीचा एका पानाचा मराठी कागद, नव्या हेल्परसाठी दहा प्रश्न, ही कामे साधारणपणे पास होतात.

सीएनसीचा, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनचा, प्रोग्राम मात्र सांभाळून. त्या आज्ञांची भाषा, जी-कोड, एआय झकास लिहिल्यासारखा लिहिते. पण फॅनुक आणि सिमेन्स या कंपन्यांच्या कंट्रोलची बोली वेगळी, आणि फॅनुकमध्येसुद्धा जी-७१ ही रफिंगची (सुरुवातीच्या जाड कापणीची) सायकल काही कंट्रोलवर एका ओळीत तर काहींवर दोन ओळींत लिहावी लागते. टूल मागे घेण्याची सुरक्षित जागा राहून गेली तर टूल धरणारा टरेट चकवर जाऊन आदळतो. स्पिंडलची दुरुस्ती किती दिवस आणि किती रुपये खाते हे मेंटेनन्सवाल्यांना विचारा. असा प्रोग्राम आधी जॉब न लावता ड्राय रन, मग सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एक ओळ), फीड ओव्हरराइड, म्हणजे वेगाचा खटका, खाली आणून आणि बोट फीड होल्डच्या, म्हणजे थांबवण्याच्या, बटणावर ठेवूनच चालवावा. हे मशीन लावणाऱ्या सेटरला सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते ‘एआयने केलंय, लाव लवकर’ म्हणणाऱ्या साहेबाला.

आता चोरून होणाऱ्या वापराकडे. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही अभियंत्यांनी आपला गोपनीय सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली. आपल्या अर्थ मंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत असे कर्मचाऱ्यांना कळवले. बंदीमागची काळजी खरी आहे. फुकटच्या वैयक्तिक खात्यात लिहिलेला मजकूर, सेटिंग बंद केली नसेल तर, मॉडेल सुधारायला वापरला जाऊ शकतो. संस्थेसाठीच्या सशुल्क खात्यांत सहसा तसे होत नाही. पण नुसत्या बंदीने काम थांबत नाही, ते ऑफिसच्या संगणकावरून स्वतःच्या फोनवर जाते, आणि फोनमधून काय गेले याची नोंद कुठेच राहत नाही. ग्राहकाचे ड्रॉइंग फोटो काढून अपलोड केले तर गोपनीयतेचा करार मोडतो, हे त्या पोराला कुणी सांगितलेलेच नसते. संस्थेच्या नावाची सशुल्क खाती घ्या. वैयक्तिक सशुल्क खाते महिना २० डॉलरच्या आसपास पडते, संस्थेचे त्याहून थोडे वेगळे. आणि टेबलावर कागद चिकटवा : ड्रॉइंग नाही, ग्राहकाचे नाव नाही, आधार क्रमांक नाही, बँक खाते नाही, पगारपत्रक नाही, आजाराचे कागद नाहीत. यातल्या वैयक्तिक माहितीची काळजी घेणे ही टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मालकाची जबाबदारी ठरवलेली आहे.

तो कागद मात्र तेव्हाच पाळला जातो, जेव्हा उघडपणे वापरणाऱ्याला शिक्षा होत नाही. आणि आजच्या घडीला जास्तीचे काम हीच ती शिक्षा आहे.

मालकाची बाजू हलकी नाही. ग्राहक दरवर्षी दर कमी करून मागतो, विजेचे बिल आणि बँकेचा हप्ता कमी होत नाही. सबस्क्रिप्शनचे पैसे मी भरले, पगार मी देतो, मग वाचलेला तास माझाच, असे तो म्हणणार. हिशेबाने बरोबर. फक्त तो तास त्याला दिसला पाहिजे ना! लपवलेल्या साडेदहा तासांतून त्याच्या पदरी शून्य पडते. निम्म्यावर तोड झाली तर सव्वापाच तास उघड्यावर येतात, शिवाय ती युक्ती शेजारच्या टेबलापर्यंत जाते, आणि ड्रॉइंग बाहेर जाण्याचा धोका कमी होतो तो वेगळा. सगळेच मागणाऱ्याला काहीच मिळत नाही, असा हा व्यवहार आहे.

म्हणून माझा प्रस्ताव सरळ आहे. पहिले सहा महिने वाचलेल्या वेळेतला निम्मा वेळ ज्याने वाचवला त्याच्याकडेच ठेवा. त्या वेळात त्याने गेजची तपासणी करावी, दुसऱ्याला शिकवावे, रिजेक्शनचे एखादे जुने दुखणे धसाला लावावे, नाहीतर आठवड्यातून एकदा वेळेवर घरी जावे. उरलेला निम्मा विभागाचा. आणि स्वतःच्या सुचवण्यामुळे कुणाचीही जागा कमी होणार नाही, हे लेखी. तोंडी आश्वासन मॅनेजर बदलला की बदलते.

कायझेनचा, म्हणजे कामात सतत लहान लहान सुधारणा करण्याच्या जपानी पद्धतीचा, आपला अनुभव आहेच. टोयोटाने कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ मध्ये सुरू केली, ती टिकली, कारण सूचना देणाऱ्याला उत्तर मिळत असे आणि लहान सूचनेलाही मोल होते. आपल्याकडे ती ‘प्रत्येकी महिन्याला दोन कायझेन’ या टार्गेटच्या रूपात आली. मग त्याच ट्रॉलीला पिवळा रंग देऊन ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो बोर्डावर लागतात. एआयचेही ‘या तिमाहीत प्रत्येकी एक एआय प्रोजेक्ट’ असे टार्गेट निघाले, तर ट्रॉली पुन्हा रंगणार, या वेळी स्लाइडवर.

कायद्याने हा प्रश्न फार पूर्वी पाहिला आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-क होते : यंत्रसामग्री किंवा कामाच्या पद्धतीतल्या ज्या सुधारणेमुळे कामगारकपात होऊ शकते, ती करण्याआधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही पूर्वसूचनेची तरतूद आहे. शिवाय कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम निधीत भरायची आहे. पण ही मदत नोकरी गेल्यावर मिळते. सॉर्टेक्स आल्यावर निवडणाऱ्या बाईला पंधरा दिवसांची मजुरी दिली असती, तर ती यंत्र चालवायला शिकली असती का? शिकवायचे तर काम हातात असतानाच, कामाच्या वेळेत, पगार चालू ठेवून.

तालुक्याच्या कचेरीतली अडचण थोडी निराळी. तिथे कपातीची भीती नाही, पण नवे काही करून अडकण्याची आहे. मसुद्यात चूक निघाली तर सही करणारा सापडतो, म्हणून जुन्या टिपणीची नक्कल सुरक्षित. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून २०२४ पासून कचेऱ्यांत तरुण मुले आली, बारावीला ६, आयटीआय-पदविकेला ८ आणि पदवीला १० हजार रुपये विद्यावेतनावर. त्यांतल्या अनेकांना ही साधने साहेबांपेक्षा चांगली येतात. त्यांना झेरॉक्स काढायला बसवले गेले. नावे-गावे काढून टाकलेल्या शंभर जुन्या अर्जांचे विषयवार वर्गीकरण एवढे काम जरी त्यांच्याकडून एका कारकुनाच्या देखरेखीखाली करून घेतले असते, तरी लोकसेवा हक्क कायद्याची मुदत कुठल्या टेबलावर उलटते ते आठवड्यात दिसले असते. कदाचित म्हणूनच करून घेतले नसेल.

कारखान्याकडे परत येतो, कारण प्रस्तावातला सर्वांत अवघड भाग राहिला आहे. वाळूज असो, शेंद्रा असो की जालन्याच्या रोलिंग मिल, लाइनवर मोठ्या संख्येने माणसे ठेकेदाराची असतात. या प्रस्तावाची कॅन्टीनशेजारच्या फलकावर लावायची नोटीस मराठी आणि हिंदीत एका पानात बसते : कोणते काम, कोणते खाते, काय टाकायचे नाही, तपासणारा कोण, वाचलेल्या वेळेतला निम्मा कोणाचा. शब्दयादीच्या वहीत प्रत्येक शब्दापुढे सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालायची. कायम कामगाराचे नाव घालताना कुणाचा हात अडत नाही. पण ‘सेटिंग पीसनंतर तिसरा जॉब मोजा, पहिले दोन फसवतात’ हे सांगणारा माणूस बहुधा ठेक्यावरचा असतो. त्याचा तास कंपनीच्या हजेरीत नसतो, ठेकेदाराच्या बिलात असतो. तो वाचवला तर बिल कमी होते, आणि पुढच्या महिन्यात गेटवर त्याचे नाव पुकारले जाईलच असे नाही. त्या ओळीपुढे त्याचे नाव लिहायचे की ठेकेदाराचे, हे वही उघडण्याच्या आधी ठरवावे लागेल.